चार इंचांवर दांडा

मकरपुरा जीआयडीसी, तिसरी गल्ली,
रंगाच्या कारखान्यामागे आमची शेड.
तीस वर्षं खिडक्यांना दांडे घालतोय,
मांजलपूर, तरसाली, नव्या सोसायट्यांचे चौथे मजले.
ग्रिलचं गणित मला तोंडपाठ:
पोराचं डोकं अडकू नये,
चोराचा खांदा शिरू नये.

मार्चमध्ये वेरावळचा हिरजीभाई आला,
ट्रॉलरवाला, बोटांच्या चिरांत मीठ.
वहीच्या पानावर त्यानं लांबट अंडं काढलं,
आत उभ्या रेषा, वर एक झडप.
चार इंचांवर दांडा, पंचेचाळीस अंशांचा कल.
“हे कुठल्या खिडकीचं?”
“काचबा माटे,” म्हणाला. “सरकारी भानगड.”
जाळ्याच्या गळ्यात बसवायचं.
कोळंबी दांड्यांतून मागे जाते,
कासव आदळतं, वर घसरतं,
झडप ढकलून बाहेर.

मी समुद्र एकदाच पाहिलाय, दांडीला, शाळेच्या सहलीत.
ओहोटी होती. चिखल पाहिला म्हणा.
आणि कासव पाहिलं ते दगडाचं,
दांडिया बाजारातल्या देवळात, गाभाऱ्यासमोर.
आई आधी त्याला हात लावायची, मग देवाला.
म्हणायची, कासवीला दूध नसतं रे,
ती पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते.

हिरजीभाई म्हणाला, श्वासासाठी त्याला वर यावं लागतं.
आम्ही जाळं तीन-तीन तास ओढतो.
पुढचं बोलला नाही,
चहाचा पेला बशीत उपडा ठेवला.

चाळीस नगांची ऑर्डर.
पहिल्याच नगाला इदरीसनं सवयीनं कडी जोडली.
अरे, बंद नाही करायची.
मग झडप कशाला, त्यानं विचारलं.
कडी कापून काढली. डाग राहिला.

बारा नग झाले तेव्हा फोन आला.
“शेठ, अंदर एक आंकडो नाखी आपो ने.”
झडपेतून माल सुटतो म्हणे.
साहेब काय तो बंदरात बघणार,
समुद्रात गेल्यावर आकडा लावून टाकू.
नगामागे दोनशे जास्त.
तो लबाड नव्हता. डिझेलचा भाव सांगत होता,
खलाशांचे हप्ते, पोरीचं लग्न.
मी म्हटलं, उद्या सांगतो.
शेडचं भाडं दोन महिन्यांचं थकलेलं.

संध्याकाळी विश्वामित्रीच्या पुलाखाली पोरांचा घोळका.
स्कूटर थांबवली.
मगर असेल म्हणून भीतभीतच उतरलो.
मऊ पाठीचं कासव होतं, नदीतलं,
नायलॉनचं फाटकं जाळं मानेत रुतलेलं.
डिकीतली पक्कड काढली,
एकेक धागा तोडत गेलो.
शेवटचा धागा तुटताच
त्यानं माझा अंगठा फोडला
आणि मागे न बघता पाण्यात गेलं.
पोरं खूप हसली.
नजर वगैरे काही नव्हती तिथे.

दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं फोन लावला.
हिरजीभाई, आकडा नाही बसणार.
का?
डिझाइनमध्ये नाही.
एवढंच सुचलं.
तोही हसला. “चालेल. आम्ही दोरीनं बांधू.”

दोरीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग उरलेले अठ्ठावीस नग मी स्वतः केले,
पट्टीच्या अंगठ्यानं, वेडेवाकडे,
आणि झालेले बारा परत टेबलावर घेतले.
जिथे जिथे कासवाचं अंग लागेल
तिथे गालासारखं गुळगुळीत घासलं.
झडपेच्या चौकटीला, पाठीमागून,
जिथे फक्त दोरीच लागेल,
तिथे लोखंडाची कापलेली धार तशीच ठेवली.
इदरीस बघत होता. काही बोलला नाही.

टेम्पो भरला.
बिलात ग्राइंडिंगचे पैसे
अर्धेच लावले.